जबाब ज्याचा त्याने

“आहे का?” मशीनरूममधून मामांनी हाक मारली.

खालून उत्तर आलं नाही.

तो लिफ्टच्या केबिनच्या टपावर, दोन मजल्यांच्या मध्ये, मांडी घालून बसला होता. एका हातात पाना होता, दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरलेला. फोनवर एक अनोळखी बाई बोलत होती. सावकाश बोलत होती, मध्येमध्ये थांबत होती, त्याला सगळं नीट कळावं म्हणून जपून शब्द टाकत होती. त्याची बायको सकाळी बसथांब्यावर बसल्या जागी कलंडली होती. लोकांनी उचलून दवाखान्यात आणलं. आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

“तुम्ही ऐकताय ना?” बाईने विचारलं.

“बरं,” तो म्हणाला.

“अरे, आहे का?” मामा पुन्हा ओरडले.

लिफ्टच्या कामातला हा पहिला नियम. वरच्याने बटणाला हात लावायच्या आधी खालच्याला हाक मारायची, ‘आहे का?’ खालच्याने हात-पाय दोरांपासून आवरून घ्यायचे आणि म्हणायचं, ‘आहे!’ मग वरचा म्हणणार, ‘चालवतोय!’ आणि मगच बटण दाबणार. जबाब आला नाही तर थांबायचं. कितीही वेळ जावो, थांबायचं. जिन्यातून जाणाऱ्या कुणी मध्येच ‘हो हो, आहे’ म्हटलं तर ते धरायचं नाही. जबाब ज्याचा त्याने द्यायचा. मामा त्याचे जोडीदार, या कामातले जुने; त्यांच्या उमेदीच्या काळात एका भाडेकरूने गंमत म्हणून असा आवाज दिला होता आणि एका कारागिराची बोटं गेली होती. ही गोष्ट मामा प्रत्येक नव्या माणसाला सांगत. जुन्यांनाही सांगत, कारण सांगायला लागले की समोर कोण आहे हे ते बघत नसत.

दुसऱ्या हाकेलाही जबाब आला नाही, तेव्हा मामांनी मेन स्विच पाडला आणि गुडघे धरत जिना उतरून आले. एकेका मजल्यावरच्या फटीतून आत वाकून बघत आले.

“झोपलास की काय टपावर? आहेस ना? मग तोंडात काय धरलंयस?”

त्याने फोन त्यांच्यापुढे केला. मामांनी तो कानाला लावला, ऐकलं, आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मग हात देऊन त्याला बाहेर काढलं, खांद्याला धरून जिन्यापर्यंत आणलं. वर मशीनरूममध्ये मेन स्विचपाशी वायरमन ताटकळत होता. अर्ध्यात अडकलेली केबिन मजल्याला आणून लावणं भाग होतं. मामांनी लिफ्टच्या शाफ्टमध्ये, त्या उभ्या पोकळीत, डोकं घालून आवाज दिला, “तो नाही! मी आहे! चालव!”

हाही नियमच. जोडीदार बाहेर पडला, तर राहिलेल्याने डोळ्यांनी बघून तसं सांगायचं. त्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

त्या दिवशी मग त्याला कुणाला काही सांगावंच लागलं नाही. ऑफिसात मामांनी कळवलं. शेजारी आपोआप कळलं. मुलीला शाळेतून आणायला मामांची बायको गेली. संध्याकाळी परगावाहून बायकोची थोरली बहीण आली, आणि तिनेच मुलीला मांडीवर घेऊन सांगितलं की, आई आता येणार नाही. तो तेव्हा बाल्कनीत उभा होता. आतून मुलीचा आवाज येतो का, म्हणून त्याने कान दिला. आवाज आला नाही.

मुलीला घरात सगळे गोटी म्हणत. जमिनीवर ठेवली की घरंगळत कुठेतरी जाऊन पोचायची, म्हणून आईने ठेवलेलं नाव. त्या वर्षीच ती बालवर्गात जायला लागली होती.

*

गोटी पुन्हा शाळेत जायला लागली, आणि थोड्याच दिवसांनी बालवर्गाच्या बाईंनी त्याला फाटकापाशी थांबवून घेतलं. बाई वयाने लहान होत्या, ओढणीला खडूची भुकटी लागलेली.

“रागावू नका, पण ती बसतच नाही हो.”

“म्हणजे?”

“म्हणजे बसत नाही. मागच्या खिडकीपाशी उभी राहते ती शाळा सुटेपर्यंत. रडत नाही, कुणाला मारत नाही. डबा उभ्यानेच खाते. मी म्हटलं, ‘बाळा, बस ना,’ तर मलाच म्हणते, ‘थांबा.’”

“थांबा?”

“हो. आणि खिडकीशी काहीतरी पुटपुटते. पूर्वीही पुटपुटायची, पण मग येऊन छान बसायची. आता नुसतीच उभी. मोठ्या बाई म्हणतात, एवढ्यात नको ओढूया तिला. एखादं वर्ष घरी राहू दे. घरी कोण आहे?”

घरी कोणी नव्हतं. संध्याकाळी गोटीच्या मावशीचा फोन आला, तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर वाटलं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

“मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं,” मावशी म्हणाली. “तुम्ही दिवसभर त्या भोकात लोंबकळणार, पोर कुणाच्या तोंडाकडे बघणार? मी घेऊन जाते तिला. माझ्याकडे माणसं आहेत, अंगण आहे.”

“ताई, मी बघतो काहीतरी.”

“काय बघणार? आणि तुम्हाला तरी वेणी येते का घालायला?”

“येते. वाकडी येते.”

“मग! महिनाअखेरीला मी येतेच आहे. तोवर पोर शाळेत रमली तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही रमली तर बॅग भरायची. तुमच्यापासून तोडत नाहीये हो मी तिला. माझ्या बहिणीची पोर आहे ती.”

मावशी वाईट नव्हती, हीच अडचण होती. वाईट असती तर भांडता आलं असतं.

बिघाड शोधायची त्याची एक रीत होती. मशीन बंद पडलं की लोक त्याला ठोकून बघतात, शिव्या देतात, हलवतात. तो आधी नुसता बघत बसायचा. कधी चालत होतं, कधी थांबलं, थांबायच्या आधी काय वेगळं झालं. त्याने तसंच करायचं ठरवलं. रात्री स्वतःचं जेवण उरकल्यावर भांडी विसळता विसळता त्याने विचारलं, “गोटे, आज शाळेत काय केलंस?”

“काही नाही.”

“काहीच नाही? गाणं?”

“काही नाही.”

“आईला तर सगळं सांगायचीस.”

गोटीने ताटलीतून मान वर केली. “मी नाही सांगायचे.”

“मग तिला कसं कळायचं?”

“आईला माहीतच असायचं,” गोटी म्हणाली आणि ब्रेडची कड कुरतडायला लागली.

त्याचा हात नळाखालीच राहिला.

कारण बायको खरोखरच रोज सांगायची. तो घरी आला की शाळेच्या बातम्या तयार असत. आज एका मुलाने खडू खाल्ला आणि विचारल्यावर पांढऱ्या जिभेने ‘नाही खाल्ला’ म्हणाला. आज बाईंना शिंक आली तर सगळा वर्ग शिंकला. आज दोन मुली शाळेच्या नळावरच लग्न करायचं ठरवत होत्या. तो हसायचा, आणि मनात म्हणायचा, पोरगी सांगते बरी. त्याच्यापाशीच तेवढी बोलत नाही, बापापाशी मुली कमीच बोलतात, असंही त्याने ठरवून टाकलं होतं. आणि आता ही म्हणत होती, मी नाही सांगायचे.

मग सांगायचं कोण?

*

दुसऱ्या दिवशी एका जुन्या इमारतीत दोर बदलायचं काम होतं. डबा खाताना त्याने मामांपुढे कोडं टाकलं.

“बायकांना सगळं माहीत असतं,” मामा म्हणाले. “आमची तर मी मनात काय म्हणणार त्याला आधीच उत्तर देते. मी तोंड उघडलं की म्हणते, ‘नको.’”

“मामा, मी गंमत नाही करत. वर्गात खडू कोणी खाल्ला, हे शाळेबाहेर राहून कसं कळेल?”

“बाई सांगत असतील.”

“बाईंना विचारलं. म्हणाल्या, आमचं फाटकात ‘या’ आणि ‘जा’ एवढंच बोलणं.”

“दुसऱ्या एखाद्या पोराची आई?”

“त्यांच्या पोरांनाही विचारलं तर ‘काही नाही’च म्हणतात. मी सकाळी सोडताना दोघींना विचारून आलो.”

मामांनी घास थांबवला. “तू बायकांना विचारत हिंडलास?”

“हिंडलो.”

“मग खरंच काहीतरी बिघाड आहे,” मामा म्हणाले, आणि आपल्या डब्यातलं अर्धं केळं त्याला दिलं. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, “पहिल्यांदा रडायची ना रे पोरगी शाळेत जाताना?”

रडायची. सुरुवातीला तर फाटकाच्या गजाला धरून बसायची. बोट सोडवलं की दुसरं बोट धरायची. बायको रडवेली होऊन कामावर जायची. ती औषधांच्या गोदामात पॅकिंगला होती. मग एका दिवशी सगळं थांबलं. गोटी टाटा करून आत गेली. “सुटला एकदाचा तिढा,” बायको त्या संध्याकाळी म्हणाली होती. त्याने विचारलं होतं, कसा काय? ती म्हणाली होती, “आमचं आहे ते. तुम्हाला कशाला?” आणि हसली होती. त्या हसण्यावरून पुढे विचारावंसं वाटलं नव्हतं, चांगलं चाललेलं मशीन कोणी उघडून बघत नाही.

“कधीपासून चालत होतं, ते कळलं,” तो म्हणाला. “कसं चालत होतं, ते नाही.”

“मग जागेवर जाऊन बघ,” मामा म्हणाले. “मी फोनवर बिघाड सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगतो?”

“येऊन बघावं लागेल.”

“आणि आल्यावर चहा लागेल, हेही सांगतो. जा उद्या सकाळी. इथलं मी बघतो.”

*

सकाळी त्याने गोटीला आत सोडलं आणि फाटकावरच्या शिपाईबाईंना विचारलं, “हिची आई सोडून झाल्यावर काय करायची, आठवतं का?”

“काय करणार? जायच्या.”

“कशी? लगेच बसथांब्याकडे?”

शिपाईबाईंनी डोळे बारीक केले. “नाही बाई. बसथांबा उजवीकडे. त्या डावीकडे वळायच्या, गल्लीत. मला वाटायचं तिकडे काही काम असेल. रोज वळायच्या.”

तो डावीकडे वळला.

गल्ली अरुंद होती. एका बाजूला शाळेची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला बंद दुकानांची शटरं. मध्येच एका पत्र्याच्या पडवीखाली एक म्हातारा सायकली दुरुस्त करत होता. भिंतीत डोक्याइतक्या उंचीवर वर्गाची खिडकी होती, तिला सिमेंटच्या नक्षीची जाळी होती, आणि जाळीतून पोरांचा कलकलाट येत होता. त्याने तोंड जवळ नेलं. आतलं दिसत नव्हतं, पण ऐकू मात्र लख्ख येत होतं. एक मुलगा सांगत होता की, त्याच्या पोटात काल रात्री एक बेडूक होता.

“ओ साहेब,” म्हातारा मागून म्हणाला. “शाळेची भिंत आहे ती. कान काय लावताय?”

“माझी मुलगी आहे आत.”

“सगळे तेच म्हणतात.”

“सगळे म्हणजे कोण?”

“एक बाई म्हणायची. पहिल्या दिवशी मी तिलाही हटकलं होतं. म्हटलं, काय चोरीबिरीचा विचार आहे का? तर म्हणाली, ‘काका, माझी पोर आत आहे. ती हाक मारते, मला ओ द्यायची असते. ओ मिळाली नाही तर बसत नाही ती.’” म्हाताऱ्याने चाक गरकन फिरवलं आणि आऱ्यांकडे बघत राहिला. “मग रोजचंच झालं. मी तिला ते स्टूल द्यायचो. पोरीला ओ देऊन झाली तरी थोडा वेळ बसायची. ऐकत बसायची. आपल्याशीच हसायची. मला म्हणायची, ‘काका, तुमचा रेडिओ बंद करा, आतला कार्यक्रम जास्त चांगला आहे.’”

स्टूल पडवीतच होतं. बसायची फळी गुळगुळीत झालेली.

“काय हाक मारायची मुलगी?” त्याने विचारलं. त्याला उत्तर माहीत झालं होतं, तरी विचारलं.

“काहीतरी ‘आहे का, आहे का’ म्हणायची बुवा.”

ही हाक घरात त्यानेच आणली होती. ते दुसऱ्या मजल्यावर राहत. भाजी, पाव वर घ्यायला बाल्कनीतून दोरीची टोपली सोडत. गोटीला टोपली ओढायची फार हौस, आणि खालच्याचा हात टोपलीत असतानाच ती ओढायची. म्हणून त्याने शिकवलं. आधी हाक मारायची. जबाब आला तरच ओढायचं. नाही आला तर थांबायचं. बायको खालून ओरडायची, ‘आहे!’ गोटी वरून म्हणायची, ‘चालवतेय!’ आणि टोपली भिंतीला आपटत आपटत वर यायची. एकदा शेजारच्या मुलाने खालून लबाडीने ‘आहे’ म्हटलं, तर गोटी दोरी घट्ट धरून तशीच उभी राहिली होती, आई दुकानातून बाहेर येईपर्यंत. त्याला केवढं कौतुक वाटलं होतं. पुढे हा घराचा छंदच झाला. कामावरून आला की तो जिन्यातूनच ओरडायचा, ‘आहे का?’ आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, ‘आहे हो, जाते कुठे!’

“हल्ली दिसत नाहीत त्या,” म्हातारा म्हणत होता. “शेवटच्या आल्या तेव्हा जरा दमलेल्या वाटल्या. आल्या आल्या स्टूल मागितलं. आतून हाक आली, बसल्या जागूनच ओ दिली, आणि गेल्या. त्या दिवशी कार्यक्रम नाही ऐकला. मी मनात म्हटलंसुद्धा. काय, बदली झाली का कुठे?”

त्याने स्टुलाच्या फळीवर हात ठेवला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट बघितलं आणि हातातलं चाक हळूच खाली ठेवलं.

तेवढ्यात आत घंटा झाली. कलकलाट खाली बसला, बाकं सरकली. आणि जाळीच्या अगदी जवळ, आतल्या बाजूने, ओळखीचा आवाज आला. मोठा नव्हता. टोपलीसाठी मारायची तेवढाच.

“आहे का?”

“आहे!” तो म्हणाला.

त्याने ठरवून म्हटलं नाही. इतकी वर्षं अंधाऱ्या शाफ्टमध्ये बसून ही हाक आली की त्याच्या तोंडून हाच शब्द निघत आला होता. तसाच निघाला, मोठ्याने, गल्ली दणाणेल असा. पलीकडे पडवीच्या पत्र्यावरची पाखरं उडाली.

आत एकदम शांत झालं. सगळा वर्गच गप्प झाला असावा.

मग गोटीने विचारलं, “कोण?”

बरोबर विचारलं होतं तिने. दुसऱ्याच्या तोंडचा जबाब धरायचा नसतो.

“मी. बाबा.”

जाळीपलीकडे एक छोटं नाक ओढल्याचा आवाज. मग:

“आणि आई?”

त्याने सिमेंटच्या नक्षीत बोटं अडकवली. आतापर्यंत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. लोक भेटायला आले, त्यांना आधीच माहीत होतं. सगळे त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि कसं झालं ते एकमेकांना सांगत. मावशीने मुलीला सांगितलं, पण मावशी काय, जिन्यातून जाणारं माणूस. गोटीने ते ऐकून घेतलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. दोरी घट्ट धरून ती खऱ्या जबाबाची वाट बघत होती. आईचा जबाब येत नाही, म्हणजे थांबायचं. बाई बस म्हणाल्या, तर त्यांनाही तिने थांबवलं. एवढ्याशा जिवाने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं होतं. जोडीदार बाहेर पडला तर काय करायचं, तेवढं त्याने शिकवलं नव्हतं. टोपलीच्या खेळात त्याची गरजच पडली नव्हती.

“बाबा,” गोटी म्हणाली. “आई आहे का?”

“आई नाही,” तो म्हणाला. आवाज फुटला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, नीट, शाफ्टमध्ये म्हणतात तसं, वरच्या माणसाला शंका राहू नये असं. “आई नाही. मी आहे.”

मागे म्हातारा उभा राहिला होता. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी सायकल घेऊन येत होतं, त्याला त्याने हातानेच थांबवलं.

त्याला वाटलं, आता रडेल. वाटलं, धावत फाटकाकडे जावं. पण जाग्यावरून हलायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं; जबाब देणाऱ्याने हलायचं नाही.

“चालव,” तो जाळीत तोंड घालून म्हणाला.

बराच वेळ गेला.

“चालवतेय,” गोटी म्हणाली.

मग छोट्या बाकाचे पाय फरशीवर घासले गेले. आणि बाईंचा आवाज आला, “हं. बसा सगळे. आज आपण काय बरं करणार होतो?”

“बेडूक!” कोणीतरी ओरडलं.

म्हाताऱ्याने स्टूल आणून त्याच्या पायाशी ठेवलं. पडवीत जाऊन रेडिओ बंद केला.

तो बसला. कार्यक्रम खरंच चांगला होता. पोटात बेडूक असलेल्या मुलाला बाईंनी विचारलं की, बेडूक आता कुठे आहे. तो म्हणाला, झोपलाय, हळू बोला. बाकीच्यांच्या ओरडण्यावरून कळलं, एका मुलीने कात्री कुणाला मिळू नये म्हणून स्वतःच्या मोज्यात लपवली आणि मग चालता येईना. गोटीचा आवाज एकदाच आला. ती म्हणाली, “बाई, हा माझ्या जागेवर पाय ठेवतो.” तक्रारच होती. किती दिवसांनी तिने कशाची तरी तक्रार केली होती.

त्याला एकदम कळलं की, बायको इथे बसून काय ऐकत असे. आणि हेही कळलं की, संध्याकाळी ती जे सांगायची त्यात थोडी भर तिची स्वतःची असणार. नळावरचं लग्न तिने नक्कीच रंगवलं होतं. विचारायला हवं होतं.

*

दुपारी तो फाटकाशी उभा होता. गोटी आली, दप्तर त्याच्याकडे दिलं, बोट धरलं. कोपऱ्यापर्यंत दोघं चालली.

“बाबा, आई कधीच नाही?”

“कधीच नाही.”

“उद्या पण?”

“उद्या पण नाही.”

ती चालता चालता थांबली आणि रडली. तोंड वासून, फूटपाथवर उभी राहून, लोक वळून बघतील अशी. तो खाली बसला आणि तिला धरून राहिला. त्याने ‘उगी’ म्हटलं नाही. त्यालाही थोडं हवंच होतं ते. रडून झाल्यावर तिने त्याच्या शर्टाला नाक पुसलं आणि शर्टाचा वास घेऊन म्हणाली, “ग्रीस.”

“ग्रीसच.”

पुढच्या वळणावर त्याने विचारलं, “मग, आज शाळेत काय केलंस?”

“काही नाही.”

“बरं. त्या मुलीच्या मोज्यातली कात्री निघाली का?”

गोटी थबकली. वर मान करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. “तुम्हाला कसं माहीत?”

“मला माहीत असतं.”

तिने याच्यावर विचार केला. “बेडूक पण?”

“तो झोपलाय. हळू बोल.”

संध्याकाळी त्याने मावशीला फोन लावला. म्हणाला, “ताई, गोटी बसली आज.”

“कुठे बसली?”

“शाळेत. बाकावर.”

“एक दिवस बसली म्हणून काय झालं!”

“उद्याही बसेल. मी सोडून झाल्यावर थोडा वेळ मागे थांबणार आहे. मामांशी बोललोय, कामावर जरा उशिरा गेलं तर चालेल. महिनाअखेरीला तुम्ही या. राहायला या. न्यायला नका येऊ.”

“वेणी?” मावशीने विचारलं.

“ती तुम्ही शिकवा मला.”

“बघते,” मावशी म्हणाली. “तुमची ती राकट बोटं. दोर वळल्यासारखी वळाल पोरीची वेणी.”

पुढे रोज तो गल्लीत थांबायला लागला. हाक यायची, तो ओ द्यायचा, बाक सरकायचं. काही दिवसांनी गोटी दप्तर ठेवून बसता बसताच हाक मारायला लागली. एका सकाळी तर हाक मारायची विसरलीच, आणि तो स्टुलावर मानेला रग लागेपर्यंत वाट बघत बसला. म्हातारा म्हणाला, “झालं तुमचं काम. आता जा की.” तो म्हणाला, “कार्यक्रम संपू दे.”

महिनाअखेरीला मावशी आली आणि वेणी शिकवून गेली. ती गेली त्या दिवशी तो आणि गोटी तिला बसवर सोडून परतले. जिना चढताना गोटी पुढे होती. दुसऱ्या मजल्यावर ती दाराशी जाऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे बघायला लागली. त्याने खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि दोघं न बोलता आत गेली.

जिन्यातून ‘आहे का?’ अशी हाक मारायचं तेवढं अजून राहिलं होतं.